एकच प्रश्न, तीन वेळा: त्रुओंग चिन्ह आणि व्हिएतनामची भातशेती

प्रकरण काय आहे

भाताची खाचरं गावाने मिळून कसायची की ज्याच्या त्याच्या घराने, हा प्रश्न उत्तर व्हिएतनाममध्ये तीस वर्षं पेटत राहिला. त्यातल्या तीन मोठ्या वळणांवर निर्णयाच्या जागी एकच माणूस होता, त्रुओंग चिन्ह. 1956 मध्ये जमीन सुधारणांतल्या चुकांपायी त्यांना कम्युनिस्ट पक्षाचं सरचिटणीसपद सोडावं लागलं. 1968 मध्ये एका प्रांताने शेती घरटी उक्त्याने द्यायला सुरुवात केली, ती त्यांनी मोडून काढली. आणि 1986 मध्ये, ऐंशीच्या उंबरठ्यावर, बाजाराला जागा देणाऱ्या ज्या धोरणाला जग ‘दोई मोई’, म्हणजे नूतनीकरण, म्हणून ओळखतं त्याचा दरवाजा त्यांनीच उघडला.

‘म्हातारपणी माणूस बदलला’ असं म्हणून हे प्रकरण बऱ्याचदा मिटवलं जातं. मला ते पुरेसं वाटत नाही. तिन्ही वेळी माणूस तोच होता; तितकाच शिस्तीचा, तितकाच अभ्यासू आणि तितकाच पक्षनिष्ठ. फरक होता तो त्याच्यापर्यंत माहिती कुठल्या वाटेने पोचली यात. म्हणून इथे त्या वाटेकडे जास्त लक्ष दिलं आहे. पुढारी आणि अधिकारी इतिहासात नोंदलेले असल्यामुळे त्यांची नावं दिली आहेत. गावकऱ्यांची दिलेली नाहीत.

पार्श्वभूमी

मूळ नाव दांग शुआन खू. जन्म 9 फेब्रुवारी 1907, नाम दिन्ह प्रांतातल्या हान्ह थिएन गावी. हे गाव पिढ्यान्‌पिढ्या परीक्षा देऊन दरबारी अधिकारी झालेल्या विद्वानांचं, आणि यांचं घराणंही त्यातलंच. तरुणपणी फ्रेंच राजवटीविरुद्धच्या चळवळीत पडले, 1930 मध्ये पकडले गेले, बारा वर्षांची शिक्षा झाली. 1936 मध्ये फ्रान्सला डाव्या आघाडीचं सरकार आलं तेव्हा सुटले. पुढे घेतलेलं ‘त्रुओंग चिन्ह’ हे टोपणनाव चीनच्या माओच्या लाँग मार्चवरून, म्हणजे लांबच्या कूचवरून, आहे. चीनकडे त्यांचा ओढा किती होता हे त्यावरूनच कळतं.

1941 पासून ते पक्षाचे सरचिटणीस. हो चि मिन्ह हा चळवळीचा चेहरा, जनरल ज्याप हा तिचा सेनापती, आणि सिद्धांत, ठराव, वृत्तपत्रं, प्रशिक्षण हे सारं त्रुओंग चिन्ह यांच्याकडे. तीसच्या दशकाच्या अखेरीस ज्याप यांच्याबरोबर त्यांनी शेतकऱ्यांच्या स्थितीवर एक पुस्तक लिहिलं होतं. खंड किती, सावकाराचं व्याज किती, कुळाच्या हाती काय उरतं, याचा त्यात कसून हिशेब होता. शेतकऱ्याचं दुखणं त्यांना ठाऊक नव्हतं असं म्हणताच येणार नाही. हे प्रकरण अवघड होतं ते त्यामुळेच.

1956: पहिली ठेच

जमीन सुधारणेचा कायदा डिसेंबर 1953 मध्ये झाला. उद्देशाबद्दल फारसा वाद नव्हता: जमीनदारांची जमीन काढून कुळांना आणि भूमिहीनांना द्यायची. सुमारे 8 लाख 10 हजार हेक्टर जमीन वाटली गेली आणि 20 लाखांहून अधिक कुटुंबांना तिचा लाभ झाला. एवढंच पाहिलं तर हे आशियातलं एक मोठं भूमिवाटप ठरतं.

घात झाला तो पद्धतीत. बाहेरून आलेली पथकं गावात उतरत. ती गावातल्या सर्वांत गरीब घरी राहत, तिथेच जेवत आणि त्या घराच्या तोंडून गावाची वर्गवारी करत. जमीनदार कोण, श्रीमंत शेतकरी कोण, मध्यम कोण, हे सारं पथक ठरवी. पद्धत चीनहून आलेली होती आणि चिनी सल्लागार सोबत होते. गावात किती जमीनदार सापडायला हवेत याचा अंदाज आधीच डोक्यात असल्यामुळे कमी सापडले तर पथकावरच संशय यायचा. मग एखादं जास्तीचं खाचर असलेला माणूस जमीनदार ठरे. रात्री भरसभेत त्याच्यावर आरोप होत, शेजारीपाजारी उभे राहून बोलत, आणि कित्येकांना गोळ्या घातल्या गेल्या. पहिल्या बळींमध्ये थाय न्गुयेन प्रांतातली एक व्यापारी जमीनदार बाई होती. तिने याच चळवळीला पैसा आणि आसरा दिला होता, तिची मुलं सैन्यात होती. लोकांत म्हण पडली की पहिलं पथक, मग आभाळ; म्हणजे पथकाची सत्ता आभाळाहूनही वरची.

पुढे सरकारी प्रकाशनात छापून आलेली आकडेवारी अशी: जमीनदार किंवा श्रीमंत शेतकरी ठरवलेल्या 1 लाख 72 हजार 8 जणांपैकी 1 लाख 23 हजार 266 जण चुकीने तसे ठरवले गेले होते. म्हणजे दहातले सात.

1956 च्या शरद ऋतूत केंद्रीय समितीची दहावी बैठक झाली. ऑक्टोबरच्या अखेरीस जनरल ज्याप यांनी हनोईत जाहीरपणे चुका कबूल केल्या. त्रुओंग चिन्ह सरचिटणीसपदावरून उतरले, ते काम हो चि मिन्ह यांनी स्वतःकडे घेतलं. मोहिमेची प्रत्यक्ष सूत्रं हाती असलेले हो व्हिएत थांग केंद्रीय समितीतून गेले, आणखी दोघे पॉलिटब्युरोतून, म्हणजे पक्षाच्या सर्वोच्च मंडळातून, गेले. त्रुओंग चिन्ह मात्र पॉलिटब्युरोत राहिले. 1960 मध्ये ते राष्ट्रीय सभेच्या स्थायी समितीचे अध्यक्ष झाले आणि सिद्धांताच्या बाबतीत त्यांचा शब्द पूर्वीइतकाच वजनदार राहिला.

या ठेचेतून पक्षाने काय घेतलं? माझ्या मते अर्धाच धडा. ‘अतिरेक झाला, माणसं चुकीची पकडली’ हे मान्य झालं. पण गावाची खरी स्थिती केंद्राला कोण सांगणार, आणि सांगणाऱ्यावर वरून दबाव असेल तर त्याच्या सांगण्याचं मोल काय, हा प्रश्न तसाच राहिला.

पेच

जमीन वाटून झाल्यावर दोनेक वर्षांतच ती पुन्हा एकत्र करायला सुरुवात झाली. 1960 संपता संपता उत्तरेतली सुमारे 85 टक्के शेतकरी कुटुंबं सहकारी संस्थांत होती.

संस्थेतला दिवस कसा असे? पहाटे ठोका पडे. झाडाला रुळाचा तुकडा नाहीतर बॉम्बचं रिकामं कवच टांगलेलं असे, त्यावर लोखंडाने बडवलं की तुकडीने शेतावर निघायचं. चिखलणीला अमुक गुण, लावणीला तमुक, खत वाहायला इतके. तुकडीचा मुकादम वहीत गुण लिही. हंगाम संपला की खळ्यावरच्या भातातून आधी कर, मग सरकारला ठरल्या भावाने घालायचं धान्य, मग बियाणं, मग संस्थेचे निधी, आणि उरलेलं गुणांच्या हिशेबात घरोघरी. राखणदाराला गुण, बैठकीला हजर राहणाऱ्यालाही गुण. त्यामुळे वर्षागणिक गुण वाढत गेले आणि एका गुणामागे मिळणारं भात घटत गेलं.

लावणीच्या बाईला रोपं नीट खोल लावली काय आणि वरवर खोचली काय, गुण तेवढेच मिळत. शिवाय प्रत्येक घराला परसाला लागून थोडी जमीन स्वतःसाठी ठेवायची मुभा होती, तिला ‘पाच टक्क्यांची जमीन’ म्हणत. राख, शेणखत आणि उरलेली ताकद तिथे जाई. दोन्हींतला फरक बांधावरून चालणाऱ्या कुणालाही दिसत होता.

विन्ह फुक प्रांताचे पक्षचिटणीस किम न्गोक यांना तो दिसला. गरीब शेतकऱ्याच्या घरातला, शाळा फारशी न शिकलेला हा माणूस. सप्टेंबर 1966 मध्ये त्यांच्या प्रांतिक समितीने 68 क्रमांकाचा ठराव केला. जमीन संस्थेचीच राहील, पण एखादं काम, एखादा हंगाम किंवा ठरावीक खाचरं घराला उक्ती द्यायची. ठरलेलं धान्य संस्थेला घालायचं, वर पिकेल ते घराचं. पुरुष आघाडीवर आणि वरून अमेरिकी विमानं, अशा काळात हे सुरू झालं. गावांनी ते झपाट्याने उचललं, कारण कुणाला समजावून सांगायची गरजच पडली नाही.

बातमी हनोईला पोचली आणि निर्णय घ्यायची वेळ आली.

समोरचे पर्याय

आज मागे वळून पाहताना 1968 चा निर्णय निव्वळ आडमुठेपणाचा वाटतो. तसा तो नव्हता. तेव्हाच्या खोलीत बसून पाहिलं तर तीन वाटा होत्या.

एक, चालू द्यायचं. उत्पादन वाढेल, पण एका प्रांतात जमलं की शेजारचे मागणार, आणि पाच-सात वर्षांत सहकारी संस्था कागदावरच उरणार.

दोन, तिथेच मोडायचं. या बाजूचा भक्कम मुद्दा मतप्रणालीचा नव्हता, युद्धाचा होता. ज्या घरातला कर्ता दक्षिणेत लढायला गेला, त्याच्या बायकापोरांना आणि म्हाताऱ्यांना खायला कोण घालणार? संस्थेत त्यांना माणशी धान्य मिळे. शेती उक्ती गेली की हात असलेल्या घराला भरपूर आणि हात नसलेल्याला काहीच नाही, अशी स्थिती येणार. सैनिक मागे बघत लढायला जात नाही. शिवाय सैन्यासाठी धान्य हजारो घरांच्या कणग्यांतून गोळा करण्यापेक्षा संस्थेच्या खळ्यावरून उचलणं सोपं.

तीन, मधली वाट. प्रांताला काही हंगामांची मुभा द्यायची, दोनचार तालुक्यांत जुनी आणि नवी पद्धत शेजारी शेजारी चालवायची, सैनिकांच्या घरांसाठी संस्थेच्या वाट्यातून वेगळी तरतूद करायची आणि खळ्यावरचे आकडे पाहून ठरवायचं. ही वाट विचारात आली होती असं दाखवणारं काही नाही. माझ्या दृष्टीने या प्रकरणातली सर्वांत महागाची चूक तीच.

1968 चा निर्णय

तोवर विन्ह फुक आणि फू थो मिळून विन्ह फू हा नवा प्रांत झाला होता. नोव्हेंबर 1968 मध्ये त्रुओंग चिन्ह तिथल्या कार्यकर्त्यांच्या परिषदेत गेले आणि उक्त्याच्या पद्धतीवर सविस्तर टीका केली. ही पद्धत सामूहिक शेती आतून पोखरते, माणसाला पुन्हा खाजगी शेतीकडे नेते आणि कामावरची पकड ढिली करते, असा तिचा सूर होता. डिसेंबरात वरून दुरुस्तीचा आदेश निघाला. किम न्गोक यांना आत्मटीका लिहावी लागली, ती पक्षाच्या सैद्धांतिक मासिकात छापली गेली. त्यांचं चिटणीसपद मात्र काढलं नाही. याकडे सहसा कुणी लक्ष देत नाही. पण पक्षाला हा माणूस चोर किंवा गद्दार वाटत नव्हता, चुकलेला सहकारी वाटत होता, हे त्यातून कळतं.

या परिषदेत प्रश्न मांडला गेला तो सिद्धांताच्या भाषेत. सिद्धांतात त्रुओंग चिन्ह यांच्यापुढे किम न्गोक टिकणं शक्यच नव्हतं. किम न्गोक यांचं बळ शेतात होतं आणि चर्चा सभागृहात झाली. एकानेही उभं राहून ‘अमुक संस्थेत गेल्या हंगामात इतकं पिकलं, सैनिकांच्या अमुक घरांना इतकं मिळालं’ असा हिशेब मांडला असता, तर निकाल बदलला असता का? कदाचित नाही. पण निदान वाद त्या जागी आला असता. 1956 मध्ये पथकाला जे ऐकायचं होतं तेच गावाने सांगितलं. 1968 मध्ये परिषदेनेही तेच केलं.

मधली वर्षं

निर्णयाची किंमत लगेच कळली नाही, कारण युद्ध चालू होतं आणि चीन-सोव्हिएत मदतीचं धान्य येत होतं. 1975 नंतर झाकण्याजोगं काही उरलं नाही. 1976 च्या पक्ष काँग्रेसने, म्हणजे महाअधिवेशनाने, 1980 साठी 2 कोटी 10 लाख टन धान्याचं लक्ष्य ठेवलं. प्रत्यक्षात आलं 1 कोटी 44 लाख टन. शहरांत रेशनच्या रांगेत लोक आपल्या नंबरावर वीट ठेवून घरी जात. भातात ज्वारीवजा भरड धान्य मिसळून खावं लागे.

गावांनी आपली वाट शोधलीच होती. फरक इतकाच की आता कुणी ठराव करत नव्हतं. हाय फोंगजवळच्या दोआन शा या गावात 1977 पासून उक्ती शेती चोरून चालली, कागदावर काही न ठेवता. 1980 मध्ये हाय फोंगने ती उघडपणे स्वीकारली, आणि जानेवारी 1981 मध्ये केंद्राच्या 100 क्रमांकाच्या निर्देशाने ती देशभर मान्य केली: नांगरट, पाणी, बियाणं, खत, औषध संस्थेकडे, लावणी, निगा आणि कापणी घराकडे. म्हणजे किम न्गोक यांनी जे लिहून केलं ते पंधरा वर्षांनी, थोडं आखडून, देशाचं धोरण झालं. ते स्वतः 1979 मध्येच वारले होते.

तिकडे दक्षिणेत आणखी वेगळीच गोष्ट चालली होती. मेकाँगच्या खोऱ्यात शेतकऱ्याला सरकारी भाव मिळे किलोला 0.52 दोंग (दोंग हे तिथलं चलन). बाजारात भाव होता त्याच्या जवळपास पाचपट. शेतकरी अर्थातच सरकारला भात देईना आणि सायगाव, म्हणजे आताचं हो चि मिन्ह शहर, उपाशी राहू लागलं. तिथल्या अन्न कंपनीच्या प्रमुख बाईंनी, बा थी यांनी, शहराचे तेव्हाचे पक्षप्रमुख व्हो व्हान किएत यांच्या पाठिंब्याने खोऱ्यात जाऊन 2.5 दोंगने तांदूळ विकत घेतला. नियमाने हा गुन्हा होता. तुरुंगात जावं लागलं तर मी डबा घेऊन येईन, असं किएत त्यांना म्हणाले होते. ही गोष्ट तिकडे आजही सांगतात.

बदल कसा झाला

1982 च्या सुमारास त्रुओंग चिन्ह यांनी आपल्या कचेरीत ‘हा न्घिएप’ नावाच्या सहायकाच्या मदतीने अर्थतज्ज्ञांचा एक छोटा गट जमवला. त्यात प्रचलित धोरणाशी न जुळणारं बोलणारी माणसं होती. निर्णय घेणाऱ्याने विरोधी मताला घरात जागा करून देण्याचा या प्रकरणातला हा पहिला प्रसंग.

दुसरा प्रसंग जुलै 1983 चा. फाम व्हान दोंग, व्हो ची कोंग आणि त्रुओंग चिन्ह हे तिघे ज्येष्ठ नेते विश्रांतीसाठी दालात या थंड हवेच्या गावी आले होते. हो चि मिन्ह शहराचे पक्षचिटणीस न्गुयेन व्हान लिन्ह यांनी संधी साधली आणि शहरातल्या कारखान्यांच्या संचालकांना थेट दालातला नेलं. मंत्रालयाचा अहवाल नाही, मधला अधिकारी नाही. थान्ह कोंग कापड गिरणीसारख्या कारखान्यांनी बँकेकडून परकी चलन उसनं घेऊन धागा कसा आणला, कापड विकून कर्ज कसं फेडलं, कामगाराच्या पगारात किती फरक पडला, हे ज्याने केलं त्यानेच हिशेबासकट सांगितलं. नियम कुठे मोडला तेही सांगितलं. नंतर त्रुओंग चिन्ह स्वतः शहरात उतरून कारखाने पाहत फिरले.

लिन्ह यांची ही चाल मला या प्रकरणातली सर्वांत हुशारीची वाटते. ते तेव्हा पॉलिटब्युरोतही नव्हते, वर्षापूर्वीच बाहेर गेले होते. हनोईत वाद घालून त्यांना काही मिळालं नसतं. त्यांनी सिद्धांताचा विषयच काढला नाही. त्यांनी माणसं समोर बसवली.

जून 1985 च्या केंद्रीय समितीच्या बैठकीत सरकारी अनुदानाची जुनी व्यवस्था मोडायचं ठरलं तेव्हा त्रुओंग चिन्ह त्या बाजूला होते. अंमलबजावणी मात्र फसली. भाव, पगार आणि चलन तिन्हींना एकदम हात घातला गेला. सप्टेंबरात 10 जुन्या दोंगला 1 नवा असं चलन बदललं. तिजोरीत आणि गोदामात मात्र काही नव्हतं. 1986 मध्ये भाववाढ 774 टक्क्यांवर गेली. आर्थिक बाजू सांभाळणारे उपपंतप्रधान, कवी तो हू, यांना जावं लागलं.

1986: तिसरा निर्णय

10 जुलै 1986 ला सरचिटणीस ले दुआन वारले. चार दिवसांनी त्रुओंग चिन्ह त्या खुर्चीवर आले, बरोबर तीस वर्षांनी. वर्षअखेरीच्या सहाव्या पक्ष काँग्रेससाठी राजकीय अहवालाचा मसुदा तयार होता, जुन्या वळणाचा. सोपी वाट ही होती की तो थोडा सुधारून वाचायचा आणि पुढच्याच्या हाती सूत्रं द्यायची. वय पाहता कुणी नावं ठेवली नसती.

त्यांनी मसुदा बाजूला ठेवून नव्याने लिहायला घेतला. ऑगस्टच्या अखेरीस पॉलिटब्युरोकडून तीन गोष्टींवर निष्कर्ष करून घेतला. अवजड उद्योगाआधी शेती, रोजच्या वापराच्या वस्तू आणि निर्यात. खाजगी आणि इतर क्षेत्रांना दीर्घ काळ जागा. आणि हुकमाने चालणाऱ्या कारभाराऐवजी हिशेबाने चालणारा कारभार. मग जिल्ह्या-शहरांच्या पक्षबैठकांत हीच भूमिका मांडत गेले. हनोईच्या पक्षसंघटनेसमोर ऑक्टोबरात केलेलं त्यांचं भाषण पुढे खूप उद्धृत झालं.

15 ते 18 डिसेंबरच्या काँग्रेसमध्ये अहवाल त्यांनीच वाचला. त्यात चुका परिस्थितीवर ढकललेल्या नव्हत्या; घाई आणि मनाजोगं होईलच या भ्रमातून त्या झाल्या, असं नेतृत्वाने आपल्या तोंडाने म्हटलं होतं. त्याच काँग्रेसमध्ये ते, फाम व्हान दोंग आणि ले दुक थो तिघे पक्षातल्या पदांवरून बाजूला झाले. सरचिटणीस झाले न्गुयेन व्हान लिन्ह.

हे लिन्ह किंवा किएत यांनी मांडलं असतं तर? पक्षातल्या कडव्यांनी त्यांना ‘दक्षिणेतले बाजारवाले’ म्हणून अडवलं असतं. ज्याने 1968 मध्ये किम न्गोक यांना थांबवलं तोच हे म्हणतो आहे म्हटल्यावर विरोधकांकडे आधाराला वचन उरलं नाही. त्यांचा कर्मठपणा तीस वर्षं अडसर होता. शेवटच्या पाच महिन्यांत तोच सर्वांत उपयोगाला आला.

तरी एक शंका ठेवायला हवी. हे मतपरिवर्तन किती आणि नाइलाज किती? मॉस्कोत वारं बदललं होतं, मदत आटणार हे दिसत होतं, भाववाढ हाताबाहेर होती. उपाशी तिजोरी कुणालाही बाजार शिकवते. पण 1982-83 मध्ये, संकट टोकाला जाण्याआधी, त्यांनी विचारायला सुरुवात केली होती. त्यामुळे सगळं श्रेय नाइलाजाला द्यायला माझं मन घेत नाही.

परिणाम

शेतीत खरा फरक पडायला आणखी दीड वर्ष गेलं. 1981 च्या पद्धतीचा जोर संपला होता. घराने वर पिकवलं की संस्था पुढच्या हंगामाचं ठरीव धान्य वाढवी. 1988 च्या सुरुवातीला उत्तरेत पुन्हा उपासमार आली. एप्रिल 1988 च्या 10 क्रमांकाच्या ठरावाने अखेर शेतकऱ्याचं घर हाच शेतीचा मूळ घटक मानला आणि जमीन दीर्घ मुदतीने कसायला दिली. 1989 मध्ये, वर्षभरापूर्वी धान्य मागणाऱ्या देशाने सुमारे 14 लाख टन तांदूळ निर्यात केला. त्रुओंग चिन्ह यांनी ते पाहिलं नाही. 30 सप्टेंबर 1988 ला ते वारले. किम न्गोक यांना 2009 मध्ये मरणोत्तर हो चि मिन्ह सन्मान मिळाला.

वेगळं काय करता आलं असतं

1968 मधली तिसरी वाट वर आलीच आहे. तिला खर्च जवळपास नव्हता. सैनिकांच्या घरांचा प्रश्न खरा होता, पण त्यासाठी अख्खी पद्धत मोडायची गरज नव्हती. संस्थेकडे जमा होणाऱ्या ठरीव धान्यातून त्या घरांचा वाटा बाजूला काढता आला असता.

किम न्गोक यांच्या बाजूचाही विचार करायला हवा, तो सहसा होत नाही. त्यांनी रीतसर ठराव केला, म्हणून त्यांच्यावर बोट ठेवता आलं. दोआन शाच्या लोकांनी काही लिहिलं नाही, म्हणून ते टिकले. मग चोरून करणंच शहाणपणाचं होतं का? चोरून केलेलं एका गावापुरतं राहतं. 1981 चा निर्देश निघायला हाय फोंगने ते उघड्यावर आणावंच लागलं. किम न्गोक यांच्याकडे नव्हता तो लिन्ह यांच्यासारखा मध्यस्थ, जो त्यांच्या संस्थांचे हिशेबनीस आणि लावणीच्या बायका त्रुओंग चिन्ह यांच्यासमोर थेट नेऊन बसवेल. परिषद हा त्यासाठी चुकीचा मंच होता. ठराव करण्याआधीच वरिष्ठांना एक हंगाम शेतावर फिरवता आलं असतं. तसं झालं असतं तर निदान 1968 ची चर्चा अनोळखी गोष्टीवर झाली नसती.

1985 बद्दल बोलायचं तर आधी भाव मोकळे करून गोदामं भरू द्यायची आणि चलनाला मग हात घालायचा, हा क्रम लावता आला असता. मेकाँगच्या खोऱ्यातल्या लाँग आन प्रांताने रेशनची कुपनं बंद करून एकच भाव ठेवायचा प्रयोग पाच वर्षं आधी केला होता आणि तो चालला होता. पण तिथे प्रांताच्या हातात माल होता. देशपातळीवर नक्कल झाली ती घोषणेची, मालाची नाही.

आणि 1986 च्या निर्णयाने एक गाठ सोडवलीच नाही. जमीन घराला कसायला मिळाली, मालकी ‘सर्व जनतेची’ राहिली. 1993 च्या कायद्याने हंगामी पिकाच्या जमिनीचा हक्क 20 वर्षांचा केला, 2013 च्या कायद्याने 50 वर्षांचा. मुदत वाढत गेली, मालकीचं कलम जागेवर आहे. रस्त्यासाठी, कारखान्यासाठी किंवा बंगल्यांच्या वसाहतीसाठी जमीन काढून घेताना भरपाई किती हे सरकार ठरवतं, आणि व्हिएतनाममधल्या शेतकऱ्यांच्या तक्रारींतला मोठा वाटा आज याच एका गोष्टीचा आहे.